हळू बोला, काका झोपलेत

माणूस गेला की त्याच्या चांगुलपणाला भरती येते. भट्टीकाका गेले तेव्हाही आली. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीवर नीट टेकायच्या आत "देवमाणूस होता हो" म्हणून मोकळा व्हायचा आणि काकू मान हलवायच्या. देवमाणसांची रांग फारच लांबली तेव्हा काकूंना वाटू लागलं, की ही मंडळी बहुतेक चुकीच्या घरी आली आहेत. कारण ज्या माणसाबरोबर त्यांनी जन्म काढला तो मुलखाचा हट्टी होता. पत्त्यांत राजरोस लबाडी करायचा आणि पकडला गेला की झोप आल्याचं सोंग आणायचा. नवा शर्ट दिला तर तो 'चांगल्या दिवसासाठी' कपाटात ठेवून जुन्याच्याच कोपराला ठिगळ लावून मागायचा. देवमाणसं असं करत असतील तर गोष्ट वेगळी.

काका पावाच्या भट्टीवर कामाला होते. गल्लीतली मोठी माणसं त्यांना भट्टीकाका म्हणायची, पोरं पाठीमागे घुबडकाका म्हणायची, आणि खरं सांगायचं तर पोरांचंच बरोबर होतं. जग अंथरुणं घालायला लागलं की हा गृहस्थ डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि लोक दात घासत दारात उभे असताना पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन परतायचा. काखेत गरम पावाची पिशवी. त्या वासानं गल्लीला भूक लागायची. घरच्यांना मात्र पावाचा इतका वीट आला होता, की पिशवी दिसली की लेक तोंड फिरवायची. काका स्वतः तर पावाला शिवायचेही नाहीत. "मी त्याला जन्माला घालतो, खायचं काम लोकांचं," असं म्हणून गरम भाताची वाट बघत बसायचे.

वडील लवकर गेले, पाठीवर भावंडं होती, म्हणून शाळा सोडून चार दिवस पोती उचलायला म्हणून ते भट्टीवर गेले. ते चार दिवस काही संपले नाहीत. पोती उचलता उचलता मळायला शिकले, मळता मळता लांब दांड्याच्या फावड्यानं पाव आत सारायला आणि बाहेर ओढायला शिकले, आणि शेवटी भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचा मान त्यांच्याकडे आला. पाव झाला की नाही हे ते रंगावरून ठरवायचे नाहीत. पाव उलटा करायचा, तळाला बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि कान लावायचा. कच्चा असला की धप्प वाजतो, झाला असला की पोकळ वाजतो. पुढं पुढं ही खोड इतकी वाढली, की हाताला लागेल ते ते वाजवून बघायचे. कलिंगड, भिंत, मुलांची दप्तरं, खोकणाऱ्या पोराची पाठ. लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा निघताना त्यांनी होणाऱ्या जावयाच्या पाठीवर टकटक केलं, कान लावल्यासारखा केला आणि सगळ्यांच्या देखत "भाजलाय व्यवस्थित" असा निकाल दिला. काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लग्न मात्र जमलं.

काकू या घरात आल्या तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत होता. माहेरी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर कोपऱ्यावरचा दुकानदार "ओ" द्यायचा. नव्या संसाराच्या उत्साहात एका दुपारी त्या भांडी घासत मोठमोठ्यानं गात बसल्या. आतल्या खोलीत काकांच्या झोपेचं खोबरं झालं. ते काही बोलले नाहीत, नुसतेच कूस बदलत पडून राहिले. त्या रात्री भट्टीच्या तोंडाशी त्यांना डुलकी लागली आणि सकाळी ते कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजून घरी आले. काकूंनी रडून घर डोक्यावर घेतलं. काका म्हणाले, "अगं, गाणं चांगलं होतं." दोष दिला असता तर काकूंनी भांडून तरी घेतलं असतं. त्या भाजलेल्या हाताला मलम लावता लावता त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की यापुढं या माणसाची झोप कुणीही मोडायची नाही.

आणि काकूंनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. दारावरच्या घंटीत चिंधी कोंबली गेली. बिजागऱ्यांना तेल मिळालं. भांडी घडी घातलेल्या फडक्यावर उतरू लागली. भाजीवाला दोन घरं आधीच तोंड मिटायचा आणि दोन घरं पुढं गेल्यावर पुन्हा ओरडायला लागायचा. मुलं झाली तीही या शाळेत तयार झाली. दुपारी घरात अळीमिळी गुपचिळी. काही सांगायचं तर कुजबुजून, नाहीतर हातवाऱ्यांनी. कानाची पाळी ओढली की कुणीतरी आलंय, पोटावर हात फिरवला की भूक लागलीय, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं की गणित येत नाहीये. मुलाच्या शाळेतून तक्रार आली, की हा वर्गात ओठ हलवतो पण आवाज येत नाही. लेकीची तर कमालच. सासरी गेल्यावर दुपारी जेवणं झाली की ती सवयीनं कुजबुजायला लागायची. सासूबाईंना वाटलं, सून आपल्या मुलाचे कान भरते आहे. प्रकरण इतकं चिघळलं की काकूंना समजूत घालायला जावं लागलं. दुपारची वेळ होती. काकूंनी सगळा खुलासा केला तोही कुजबुजत, आणि सासूबाईंचा संशय पक्का झाला.

असा हा दिवसा झोपणारा बाप मुलांना भेटायचा तरी केव्हा? सकाळी. कामावरून आले की डोळे तारवटलेले असायचे, पण लेकीची वेणी ते स्वतः घालायचे. वेणीच्या आकाराचा पाव वळणारे हात ते. तीन पेड एकावर एक असे घट्ट बसायचे, की शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही. वेणी घालता घालता आदल्या दिवसाची एखादी गोष्ट अशी काढायचे, की लेक चकित व्हायची. "काल भूगोलात किती मिळाले ते आईला सांगितलंस, मला नाही सांगितलंस." लेकीला वाटायचं, आईनं सांगितलं असेल. आईला वाटायचं, लेकीनं सांगितलं असेल. दोघींनी कधी ताडून पाहिलं नाही.

मध्ये एकदा मालकांनी, इतकी वर्षं झाली, आता आराम करा म्हणून त्यांना दिवसाची पाळी दिली. घरात आनंदीआनंद झाला. काका रात्री घरी झोपणार, चारचौघांसारखे! पण सुख टोचायला लागलं. सगळं घर घोरत पडलं की हे उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचे, डबे वाजवून बघायचे, मुलांची पांघरुणं उगाचच सरळ करायचे. डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी मालकांच्या हातापाया पडून त्यांनी रात्रपाळी परत मागून घेतली. सगळे म्हणाले, सवय, दुसरं काय.

ज्या दिवशी ते गेले, त्या दुपारी काकू आणि त्यांची धाकटी बहीण स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. या बहिणीला सगळे मावशीच म्हणायचे, घरीही आणि शाळेतही, कारण ती एका शाळेत घंटा द्यायच्या कामावर होती. आवाजही घंटेसारखाच, पण या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तोही खाली यायचा. शाळा सुटली की ती थेट बहिणीकडे यायची आणि शाळेच्या मोठ्या बाईंच्या गंगावनाची कथा पुढं सरकवायची. मोठ्या बाईंचा तो भारदस्त अंबाडा खोटा आहे हे अख्ख्या शाळेत एकट्या मावशीला ठाऊक होतं, आणि हे गुपित तिला एकटीला पेलवत नव्हतं.

त्या दिवशी कथा ऐन रंगात आली होती. आणि आतून आवाज आला, धप्प.

मावशी अर्धी उठली. "बघू का गं?"

काकूंनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "श्श! बस. कूस बदलली असेल. उठतील ना आता तुझ्या आवाजानं!"

दोघी श्वास रोखून बसल्या. दुसरं घर असतं तर कुणीतरी धावत आत गेलं असतं. या घरात आतून आवाज आला की सगळे पुतळे व्हायचे, ही त्या घराची रीत. आत पुन्हा शांत झालं. मग मावशीनं काकूंच्या चेहऱ्याची नक्कल केली, वटारलेले डोळे, ओठांवर बोट, सगळं. आणि काकूंना हसू फुटलं. त्यांनी हातातलं फडकं तोंडात कोंबलं, मावशीनं भिंतीकडे तोंड केलं, आणि दोघी बहिणी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग कथा कुजबुजत शेवटाला गेली आणि त्या पुन्हा तशाच हसल्या.

दिवे लागायच्या वेळी काकू चहा घेऊन आत गेल्या. नेहमीसारखा त्यांनी पायाचा अंगठा दाबला. अंगठा गार होता.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही, तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही करता आलं नसतं. डॉक्टर सगळ्यांना असंच सांगतात हे काकूंना माहीत होतं. शिवाय त्यांनी पाहिलं होतं, काकांचा उजवा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. तो हात आपटल्याचाच आवाज होता तो. काकांनी हाक मारली होती. तोंडातून शब्द फुटला नसेल म्हणून हातानं मारली होती. आणि आपण काय केलं, तर श्श केलं. मग हसलो.

हे हसणं काकूंना खात होतं. एखाद्या वेळी न कळणं माणूस समजून घेतो. पण तो पलीकडे जीव सोडत होता आणि आपण भिंतीअलीकडे एका बाईच्या खोट्या केसांवर हसत होतो, हे कुणाला सांगायचं? लेक आईच्या सोबतीला येऊन राहिली होती, तिला सांगितलं नाही. मुलगा परगावी नोकरीला, तो येऊन गेला, त्याला सांगितलं नाही. मावशी तर त्या दिवशी शेजारीच होती. ती रोज येत होती, भांडी घासत होती, चहा करत होती, पण जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणाऱ्या या दोघी बहिणींनी त्या दुपारबद्दल एक अक्षर काढलं नाही. आतल्या खोलीचं दार लावून घेतलेलं होतं. काकू बाहेरच्या खोलीत झोपायच्या, म्हणजे पडायच्या. आणि दुपारी लेक चुकून मोठ्यानं "आई" म्हणाली की काकूंचं बोट आपसूक ओठांवर जायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं ज्याच्यासाठी खोड लागली तो गेला तरी ती काही गेली नव्हती.

अशाच एका दुपारी मैदा आला. मैदा म्हणजे भट्टीवर कणीक मळणारा काकांचा जोडीदार. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही शंका. मळायच्या यंत्राशेजारी उभं राहून राहून त्याला साधं बोलताच यायचं नाही, नुसतं ओरडता यायचं.

"वहिनी!" तो दारातूनच गरजला.

लेक तोंडावर बोट ठेवून बाहेर धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं बोट खाली घेतलं आणि खुर्ची पुढं केली. मैदा बसला. त्याचे डोळे लाल होते. या वेळी तोही घरी झोपलेला असायला हवा होता.

"झोप येत नाही वहिनी," तो म्हणाला. "भट्टीवर मन लागत नाही. नवा माणूस दिलाय, पाव चांगले काढतो, नाही असं नाही. पण तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहतो. आमचा हा कसा बोलायचा!"

"हे?" काकू म्हणाल्या. "हे बोलायचे?"

"म्हणजे काय! फावडं चालतंय आणि तोंडही चालू." मैद्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "एक विचारू का? रागावू नका. पिना मिळाल्या का?"

"कसल्या पिना?"

"त्या मोठ्या बाईंच्या. गंगावनाच्या. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता आणि ऐन वेळी पिना सापडत नव्हत्या, इथवर आलो होतो आम्ही. अख्खी भट्टी वाट बघत होती. आणि हा गेला. आता विचारायचं कुणाला? वाईट दिसतं, कळतंय मला. पण पोरं रोज विचारतात."

काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यानंच. रोज सांगायचा. तुमच्या बहिणीचा आवाज काढून."

"ते झोपलेले असायचे, भाऊ. आम्ही कुजबुजत होतो."

"वहिनी," मैदा म्हणाला, "तो पावाच्या पोटातलं ऐकणारा माणूस. त्याला एक भिंत काय करणार? सगळं ऐकायचा. पोरीचं भूगोलाचं. पोराला ती निळी सायकल हवी होती ते. तुम्ही मला पिठाचं पोतं म्हणता तेही मला माहीत आहे."

काकूंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तोंड दाबून बसलो, आणि यांना झोप लागतच नव्हती?"

"लागायची हो! तुमचं ऐकूनच लागायची. मागं तुम्ही सगळे लग्नाला परगावी गेला होता, आठवतं? घर रिकामं, चिडीचूप. दुपारी हा तडक भट्टीवर आला. म्हणाला, घरात झोपच येत नाही, फार शांत आहे. पोत्यांवर आडवा झाला तरी टक्क जागा. मग मला सांगायला लागला." इथं मैदा थांबला, आणि त्याचा आवाज जन्मात पहिल्यांदाच खाली आला. "म्हणाला, 'अरे, घर नुसतं शांत असून उपयोग नाही. माझ्यासाठी म्हणून मुद्दाम हळू बोलणारी माणसं आहेत ना त्या घरात, ती ऐकली की बरं वाटतं. मग डोळे मिटतात.'"

काकूंची नजर आतल्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. लेक बाहेरच्या दाराला टेकून उभी होती, तिनंही तिकडेच बघितलं.

"तर पिना?" मैद्यानं भीत भीत विचारलं.

मग काकूंनी सांगितलं. आधी अडखळत, मग गोष्टच अशी होती की तिच्या ओघात. पिना मिळाल्या नाहीत. मोठ्या बाईंनी अंबाडा तसाच चापून बसवला आणि समारंभाला उभ्या राहिल्या. पहिली आलेली मुलगी ढाल घ्यायला पुढं आली, बाई तिचा गालगुच्चा घ्यायला वाकल्या, आणि ढालीच्या टोकात गंगावन अडकलं. मुलीला पत्ताच नाही. तिनं आनंदानं ढाल डोक्यावर धरली आणि गंगावन लोंबकळत ठेवून सबंध मैदानाला फेरी मारली. टाळ्या थांबेनात. मोठ्या बाईंना वाटलं, मुलीसाठी चालल्यात.

मैदा खो खो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसत तो म्हणाला, "हे त्याला सांगायला मिळायला हवं होतं!"

"ढालीला अडकलं इथवर आलो होतो," काकू म्हणाल्या, "आणि आतून आवाज आला."

हे त्या कुणाजवळ तरी पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज, मावशीचं उठणं, आपण तिचा हात धरणं, लोंबणारा हात, सगळं एका दमात सांगून त्यांनी पेला खाली ठेवला. लेकीचा हात तोंडावर गेला.

मैदा खुर्चीत पुढं सरकला. "तुम्ही कुजबुजायच्या थांबलात की तो मुद्दाम पलंगावर हात आपटायचा," तो म्हणाला. "मला सांगायचा ना. हात आपटला की बाहेर श्श होतं, मग सगळे गप्प, मग कुणीतरी फुसकन हसतं. लहान पोरासारखी मजा वाटायची त्याला. पण त्या दिवशी मुद्दाम आपटला की कसं, ते मी नाही सांगू शकत वहिनी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

"आम्ही थांबलो नव्हतो," काकू म्हणाल्या. "बोलतच होतो."

"मग मला माहीत नाही." मैद्यानं मान खाली घातली. मग वर बघितलं. "पण नंतर? श्श केलंत?"

"केलं."

"आणि हसलात?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. "हसलो. पुष्कळ हसलो."

"मग ते ऐकलं असणार त्यानं," मैदा म्हणाला. "ते ऐकल्याशिवाय तो जायचा नाही."

मैदा गेला. काकूंचं दुःख हलकं झालं असं काही नाही. एकीकडे त्यांना काकांचा सणसणीत राग आला होता. इतकी वर्षं सगळं घर ओठ शिवून बसलं आणि हा लबाड आत मजा बघत, म्हणजे ऐकत, पडला होता, जशी पत्त्यांत लबाडी करायचा तशीच. आणि दुसरीकडे, ज्या हसण्याची त्यांना इतके दिवस लाज वाटत होती, ते त्याला पोहोचलं असेल या विचारानं त्यांना रडू येत होतं. हे रडू आतापर्यंतच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं, एवढंच त्यांना कळत होतं. लेक शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "भूगोलाचं मी कधीच बाबांना सांगितलं नव्हतं, आई." काकू म्हणाल्या, "मीही नव्हतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मावशी शाळेतून आली तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. काकूंनी पलंगावरची चादर सारखी केली होती.

"तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसा," त्या म्हणाल्या. "बोला काहीतरी. मी जरा पडते."

"काय बोलायचं?" मावशी म्हणाली.

"काहीही. पण मोठ्यानं नको, नेहमीसारखंच."

मावशीनं भाचीकडे बघितलं. भाचीनं खांदे उडवले. काकू आत गेल्या, पलंगावर काका झोपायचे त्या बाजूला आडव्या झाल्या आणि त्यांनी जिवाचा कान केला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग विळीचा खर्र आवाज. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा. मग लेकीची कुजबुज, "मावशी, आईला डॉक्टरकडे न्यायचं का गं?" आणि मावशीची, "हळू बोल, ऐकेल ती." "इतक्या लांबून?" "तिचे कान तुला माहीत नाहीत. लहानपणी मी साखर खाल्ली की अंगणातून ओरडायची." भिंतीपलीकडची ती दोन माणसं आपल्यासाठी आवाज दाबून बोलत होती. काकूंच्या अंगातून कितीतरी दिवसांचा ताण उतरत गेला, पापण्या जड झाल्या. असं होतं होय हे, त्यांना वाटलं. हे मिळत होतं तर त्यांना, रोज.

झोप लागता लागता त्यांना वाटलं, आपणही एकदा करून बघावं. त्यांनी हात उचलला आणि पलंगाच्या कडेवर आपटला.

धप्प.

बाहेर श्श झालं नाही. तांब्या कलंडला, भाजीचं ताट उडालं, आणि दोघी धावत आत आल्या. पुढं मावशी. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिनं काकूंचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदगदा हलवलं. "ताई! ताई!"

"अगं, आहे मी, आहे," काकू घाईघाईनं उठून बसल्या. "काही झालं नाही. मी नुसतं बघत होते."

मावशी मटकन पलंगावर बसली. "त्या दिवशी मी उठले होते, ताई," ती म्हणाली. "उठले होते ना मी? तू ओढलंस म्हणून नाही बसले. तुला काय मी ऐकते होय? मला पुढची गोष्ट सांगायची होती म्हणून बसले. मला हसवायचं होतं तुला. भावोजी आत एकटे..."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. जे आपल्याला खात होतं ते हिलाही खात होतं, आणि दोघी रोज समोरासमोर बसून चहा पीत होत्या. त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला.

"एकटे नव्हते गं ते," त्या म्हणाल्या. "ते ऐकत होते. रोज ऐकायचे, सगळं. तुझं गंगावन भट्टीवर जाऊन सांगायचे, तुझा आवाज काढून. तुझी गोष्ट ऐकत, आपल्याला हसताना ऐकत गेले ते."

मावशीनं तोंड उघडलं आणि तिच्या शाळेच्या घंटेसारख्या आवाजात तिनं हंबरडा फोडला. भाजीवाला दोन घरं आधीच थांबला असेल. शेजारच्या खिडक्या उघडल्या. त्या खोलीत दुपारच्या वेळी इतका मोठा आवाज आजवर कुणी केला नव्हता, आणि काकूंनी तिला गप्प केलं नाही.